रोलर ओढणारा बॉलर

आपल्या कॉलेजात कुठलाही विषय घ्या, पहिल्या युनिटमध्ये एक आकृती हमखास असते. चार चौकोन आणि चार बाण. समस्या नेमकी मांडा, माहिती गोळा करा, उपाय करून बघा, निकाल तपासा आणि परत पहिल्या चौकोनात या. प्रॉडक्शनवाले तिला एका नावाने ओळखतात, कॉम्प्युटरवाले दुसऱ्या. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ती पाठ करतो, पेपरात पट्टीने सरळ काढतो आणि हॉलच्या बाहेर आल्यावर विसरतो. मला ती आकृती खऱ्या अर्थाने कळली ती एका क्रिकेटपटूच्या आयुष्यामुळे. हा माणूस आपला पहिला पेपर लिहिण्याच्या शंभर वर्षं आधीचा. त्याने कधी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पण आपण जे कागदावर काढतो ते तो रोज मैदानावर करत होता.

त्याचं नाव बाळू पालवणकर. क्रिकेटच्या इतिहासात तो पी. बाळू म्हणून ओळखला जातो. मी मुद्दाम एकेरीत लिहिते आहे. सचिन, सुनील, तसा बाळू. आवडत्या खेळाडूला आपण अहो-जाहो करत नाही.

मी मूळची रिद्धपूरची. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि पुस्तकी मराठी फक्त एका तासापुरती, असा आमचा कारभार. पण क्रिकेटला भाषा लागत नाही. संत्र्याच्या बगिच्यांच्या कडेला पडीत वावर दिसलं की गावचे पोट्टे तीन काड्या रोवतात आणि मॅच सुरू. आम्हा मुलींना त्यात प्रवेश होता, पण एकाच पोस्टवर. बॉल काट्यात गेला की आणून द्यायचा. बॅटिंगचा नंबर आमच्यापर्यंत येईस्तोवर अंधार पडलेला असायचा. बाळूचं चरित्र वाचताना म्हणूनच मी एका ठिकाणी जास्त थांबले. ते ठिकाण पुढे येईलच.

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातलं पालवण. जात चांभार. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे भाऊ, आणि चौघेही पुढे क्रिकेट खेळले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि बॉल घेऊन बाळू आणि शिवराम छावणीच्या परिसरात खेळायला शिकले. कोच नाही, किट नाही, कॅम्प नाही.

त्याची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. साधारण १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागला. तिथे चार रुपये. नेट बांधायचं, खेळपट्टी तयार करायची, गरज पडली तर टेनिस कोर्टावर पांढऱ्या रेघा मारायच्या. क्लबातल्या कोणा साहेबाने या पोराला नेटमध्ये बॉल टाकायला सांगितलं, आणि त्याची डावखुरी स्लो बॉलिंग पाहून सगळे चकित झाले.

आता आपल्या आकृतीकडे या. बाळूच्या हातात साधनं किती होती ते मोजू. एक, खेळपट्टी. ती त्याने स्वतः झाडलेली आणि लाटलेली. माती किती ओली आहे, कुठे घट्ट बसली आहे, कुठे भुसभुशीत आहे, उन्हाने दुपारी कशी होते, हे रोज हाताखालून जायचं. आपल्या सिव्हिलच्या मित्रांना सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये प्रॉक्टर टेस्ट करावी लागते. मातीत पाणी किती असलं म्हणजे ती सगळ्यात घट्ट दाबली जाते ते काढायचं असतं. वऱ्हाडातल्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जो मातीबरोबर राहतो त्याला तिचा स्वभाव कळतो. क्लबात बॉल टाकणारे पुष्कळ असतील, पण ज्या पट्टीवर आपण बॉल टाकणार ती रोज स्वतः बनवणारा बॉलर विरळाच. त्याच्या हलक्या कामातून त्याला मिळालेली ही माहिती कुणा साहेबाजवळ नव्हती.

दोन, वेळ. क्लबाचे मेंबर येत-जात, पण बाळू तिथेच. तासन् तास, महिनोन् महिने एकच काम. स्पिन बॉलिंगमध्ये बदलता येण्याजोग्या गोष्टी किती आहेत बघा. बोटांनी दिलेली फिरकी, बॉल सोडण्याची उंची, वेग, टप्पा, लाइन, क्रीजवरची जागा. बॉल फिरत असला की हवा त्याला एका बाजूला ढकलते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण याला मॅग्नस इफेक्ट म्हणतो. त्यामुळे फिरणारा बॉल हवेत थोडा वळतो, अपेक्षेआधी खाली येतो, आणि टप्पा पडल्यावर मातीला धरून परत वळतो. डावखुऱ्या स्पिनरचा बॉल उजव्या हाताच्या बॅट्समनपासून दूर जातो. यातली प्रत्येक गोष्ट थोडी-थोडी बदलून परिणाम बघायचा तर हजारो बॉल लागतात. बाळूने ते टाकले.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर तपासून देणारा माणूस. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळातला भारतातला सर्वांत चांगला गोरा बॅट्समन समजला जायचा. बुटका, चपळ, पायांच्या हालचालीसाठी प्रसिद्ध. असं सांगतात की तो इतर मेंबरांच्या तासभर आधी नेटवर यायचा आणि फक्त बाळूच्या बॉलवर सराव करायचा. आणि बाळूने आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. हिशेब करा. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. महिन्यात आठ वेळा ग्रेगला आउट केलं की पगार दुप्पट. आपल्या भाषेत हा फीडबॅक लूप झाला, आणि तोही लगेच मिळणारा. बॉल चांगला पडला की वाईट, हे ठरवायला समोर देशातला सगळ्यात कठीण परीक्षक उभा, आणि निकाल त्याच क्षणी. आपल्याला इंटर्नलचे मार्क दोन महिन्यांनी कळतात, तोवर आपण काय लिहिलं होतं तेच आठवत नाही.

या सगळ्यातून ग्रेगची बॅटिंग सुधारली, आणि बाळूची बॉलिंग तर कुठल्या कुठे गेली. पण मघाशी म्हटलं ते ठिकाण हे. पूना क्लबात बाळूने शेकडो तास बॉल टाकले, पण त्याला एकदासुद्धा बॅट हातात घेऊ दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉल टाकणं नोकराचं. हे वाचल्यावर मला आमचं वावर आणि काट्यातला बॉल आठवल्याशिवाय कसा राहील?

बाळूची कीर्ती गावात पसरली. त्या वेळी पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. संघात वाद झाला. काहींना अस्पृश्य खेळाडू नको होता, काहींना जिंकायचं होतं. शेवटी बाळू संघात आला. मैदानावर सगळे त्याच बॉलला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे, आणि बाळूला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. म्हणजे बाळूने टाकलेला बॉल चालत होता, त्याने घेतलेली विकेट चालत होती, पण त्याचा उष्टा कप चालत नव्हता. ही गोष्ट मला कुठल्याच लॉजिकमध्ये बसवता आली नाही.

सातारच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धची मॅच तर आपल्या विषयाचं नमुनेदार उदाहरण आहे. त्यांनी बाळूचा धसका घेतला होता. त्यांनी काय केलं, तर खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवून ती सिमेंटसारखी घट्ट केली, म्हणजे बॉल वळूच नये. प्रतिस्पर्ध्यानेही समस्या नेमकी मांडली होती, उपायही बरोबर होता. पण ज्याचं सगळं लहानपण रोलर ओढण्यात गेलं, त्याला लाटलेल्या पट्टीचं भय कसं वाटणार? बाळूने सात विकेट घेतल्या आणि पुणेकर जिंकले. पट्टीतून वळण मिळालं नाही तरी टप्पा, उंची आणि वेग तर त्याच्या हातात होतेच. पुण्यात त्याचे सत्कार झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं, आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, अशा अर्थाचं खेळाडूंना सुनावलं, असं सांगतात.

१८९६ मध्ये प्लेग आला. त्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईला गेला. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्याला घ्यायचं की नाही यावर पुन्हा तीच चर्चा, पुन्हा तोच निकाल. त्याला रेल्वेत नोकरीही मिळाली. मग आला फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना. हिंदूंचे डाव २४२ आणि १६०, युरोपियनांचे १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दोन्ही डावांत मिळून बाळूच्या आठ विकेट, आणि शिवरामही संघात होता. हे वर्ष लक्षात घ्या. वंगभंगाची चळवळ पेटलेली, स्वदेशीचं वारं सुटलेलं. अशा वेळी साहेबाला साहेबाच्याच खेळात हरवलं होतं, आणि हरवणाऱ्यांत पुढे होते ते चांभाराघरचे दोन भाऊ.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग. महाराजांचा बराचसा वेळ पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या समारंभांत गेला, ते थोड्याच मॅच खेळले. संघ एकामागून एक हरत होता. हवा थंड, खेळपट्ट्या ओल्या, बॅट्समन रोज नवीन. म्हणजे पुण्यात शिकलेली सगळी गणितं बदललेली. अशा वेळी पाठ केलेलं उत्तर उपयोगी पडत नाही, पद्धत उपयोगी पडते. पस्तिशीतल्या बाळूने त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या, सरासरी १८.८४. ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, एका विकेटमागे एकोणीसपेक्षा कमी रन दिले. कँब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ रन देऊन ८ विकेट. लिस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांना भारताने हरवलं. तो संपूर्ण दौरा आज आठवला जातो तो राजामुळे नाही, बाळूमुळे.

मुंबईला परतल्यावर दलित समाजाने त्याचा मोठा सत्कार केला. त्या मानपत्रामागे भीमराव आंबेडकर नावाच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाचा हात होता, असं अभ्यासक सांगतात. वयाने तो त्या वेळी आपल्याएवढाच.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही यशोगाथेसारखी आहे. मेहनत करा, फळ मिळेल. पण बाळूची गोष्ट इथे संपत नाही, आणि ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

हिंदू संघातला सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू. मग कर्णधार कोण व्हावा? हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि दरवर्षी उत्तर दुसरंच निघायचं. आकडे बाळूच्या बाजूने होते. पण निवड समितीच्या सूत्रात आकड्यांशिवाय आणखी एक टर्म होती, जी कोणी कागदावर लिहीत नव्हतं. आपण प्रॅक्टिकलमध्ये म्हणतो ना, इन्स्ट्रुमेंटमध्येच एरर आहे, रीडिंग कितीही घेतले तरी उत्तर चुकणार. तसं ते होतं. बाळूने बॉलिंग आणखी सुधारून त्याचा उपयोग नव्हता, कारण दोष बॉलिंगमध्ये नव्हताच.

१९२० मध्ये तर चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूला संघातूनच वगळलं, आणि कर्णधारपद दुसऱ्याच खेळाडूला दिलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जाहीरपणे संघातून माघार घेतली. हा अन्याय जातीमुळे आहे, हे त्यांनी उघड सांगितलं. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, लोक त्यांच्या बाजूने बोलले. शेवटी जिमखान्याला नमावं लागलं. भाऊ परत आले आणि बाळूला उपकर्णधार म्हणून बोलावलं गेलं. अंतिम सामन्यात कर्णधार पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळात बाळूने संघाचं नेतृत्व केलं. पुरतं कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. विठ्ठलच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं. विठ्ठलने पुढे मराठीत आत्मचरित्रही लिहिलं, त्यामुळे या घराची बरीच हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली.

मला इथे आकृतीतला पहिला चौकोन आठवतो. समस्या नेमकी मांडा. वीस वर्षं सगळे समजत होते की समस्या बाळूची आहे, त्याने आणखी चांगलं खेळलं पाहिजे. भावांनी दाखवून दिलं की समस्या निवड करणाऱ्यांची आहे. समस्या बरोबर मांडली गेली आणि मग काही आठवड्यांत निदान अर्धं उत्तर मिळालं.

खेळ संपल्यावर बाळू सार्वजनिक कामात पडला. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्याचं नाव आहे. आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत तो काँग्रेसतर्फे चक्क डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभा राहिला. सुमारे दोन हजार मतांनी हरला. ज्याने तरुणपणी बाळूला नायक मानलं, तोच आता समोर. दोघांचा प्रश्न एक होता, पद्धत वेगळी. बाळूला वाटायचं की आतमध्ये राहून, खेळून, जिंकून लोकांची मनं बदलतील. बाबासाहेबांना वाटायचं की मनं बदलायची वाट बघत बसता येत नाही, हक्क कायद्यानेच घ्यावे लागतात. मला व्यक्तिशः दुसरं उत्तर पटतं, आणि बाळूचं स्वतःचं आयुष्यच त्याचा पुरावा आहे असं वाटतं. एवढ्या विकेट घेऊनही जे मिळालं नाही, ते भावांनी नकार दिल्यावर थोडं तरी मिळालं. पण म्हणून बाळू लहान ठरत नाही. त्याने बॉल टाकले नसते तर भावांच्या नकाराला वजन कुठून आलं असतं?

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूचं निधन झालं. भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ मध्ये, तोवर तो पन्नाशी ओलांडून गेला होता. म्हणून त्याच्या नावापुढे एकही टेस्ट नाही. प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ विकेट, सरासरी १५.२१. बरीच वर्षं लोक त्याला विसरले होते. २००२ मध्ये रामचंद्र गुहांचं भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक आलं आणि तो पुन्हा चर्चेत आला.

आता माझ्या गावाबद्दल थोडं. रिद्धपूर ही महानुभावांची काशी. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथलेच. तेराव्या शतकात हा माणूस जात न बघता कुणाच्याही घरी जायचा, कुणाच्याही हातचं खायचा, आणि गावकरी त्याला कधी वेडा म्हणायचे, कधी देव. या आठवणी म्हाइंभटांनी लिहून ठेवल्या. लिहिताना त्यांची रीत अशी, की ज्याने पाहिलं त्याला जाऊन विचारायचं आणि मगच लिहायचं. म्हणजे डेटा कलेक्शन आणि व्हेरिफिकेशन आमच्या गावाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे! मराठीतलं पहिलं मोठं गद्य असं तयार झालं, आणि आता त्याच गावात मराठी भाषा विद्यापीठ आहे. गोविंदप्रभूंना जे सहज जमलं, ते सहाशे वर्षांनी पुण्यातल्या शिकल्या-सवरल्या मंडळींना चहाच्या कपापाशी जमलं नाही. प्रगती सरळ रेषेत जात नाही हे मॅथ्सपेक्षा इतिहासाने मला जास्त चांगलं शिकवलं.

गॅदरिंगच्या स्पोर्ट्स वीकमध्ये आपल्या होस्टेलच्या टीम उतरतील. हरलो की पिच खराब होती, अंपायर विकला गेला होता, हे ठरलेलं. त्याऐवजी एक वही ठेवून बघा. कुठला बॉल कुठे टाकला, काय झालं, पुढे एकच गोष्ट बदलली तर काय झालं. एका वेळी एकच. सगळ्यात चांगल्या बॅट्समनला नेटवर आधी बोलवा, विकेटमागे आठ आण्यांऐवजी एक समोसा लावा. खेळ सुधारतो की नाही बघा. हीच रीत बॅकलॉगच्या विषयांनाही चालते, हे मी दुसऱ्या वर्षापासून अनुभवते आहे.

आणि मॅच संपल्यावर मेसमध्ये चहा पिताना एकदा आजूबाजूला बघा. सकाळी सहाला आपल्या ग्राउंडवर पाणी मारणारा, चुन्याच्या रेघा आखणारा माणूस कोण आहे, त्याचं नाव आपल्याला माहीत आहे का, आणि तो चहा कुठे बसून पितो आहे. मुलींच्या होस्टेलला ग्राउंड किती वाजता मिळतं तेही विचारा. आमच्यात दोघी-तिघी डावखुऱ्या आहेत. आम्हाला बॅटिंगही येते.